शब्द वगळून वाचलेली कादंबरी

मराठीत माणूस मरतो तो किती क्रियापदांनी, हे कधीतरी नीट पाहावे. पुढाऱ्याचे निधन होते, शेजारचे आजोबा वारतात, साथीत माणसे दगावतात, लढाईत खपतात, आपल्या घरातले कुणी ‘जाते’, आणि रागाने बोलताना कुणीतरी नुसते मरते. जन्मभर राबून शेवटी अंथरुणाला खिळलेली एखादी बाई गेली, की शेजारीण उंबऱ्यात उभी राहून म्हणते, ‘सुटली बिचारी.’ कादंबरीकाराने हे ‘सुटली’ लिहिले, तर त्या बाईच्या संसारावर त्याला वेगळे प्रकरण लिहावे लागत नाही. शिवाय ‘सुटली’ म्हणणारी स्वतः अजून अडकलेलीच आहे, हेही त्यातच येऊन जाते. त्या जागी लेखकाने ‘तिचे निधन झाले’ असे लिहिले, तर घटना तीच राहते, कथानकात काडीचा फरक पडत नाही. फक्त कादंबरी दुसरी होते.

हे कुणाला नवीन नाही. अडचण अशी, की तोंडाने हे मान्य करून आपण वागतो मात्र नेमके उलट. कादंबरी शिकवताना, तिच्यावर परीक्षण लिहिताना, आणि हल्ली तर वाचतानाही आपण धरून चालतो की आशय हा ऐवज आणि शब्द ही त्याची पिशवी. ऐवज काढून घेतला की पिशवी टाकून द्यायला हरकत नाही. या समजुतीने आजवर बरेच नुकसान केले आहे. येत्या काळात ते किती वाढू शकते, याचा अंदाज अजून आपल्याला आलेला दिसत नाही.

महाविद्यालयीन परीक्षेसाठी बाजारात मिळणारे कोणतेही मार्गदर्शक उघडावे. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती, आशयसूत्र, आणि शेवटी, बहुधा अर्ध्या पानात, भाषाशैली. त्या अर्ध्या पानातले वाक्य ठरलेले असते: लेखकाने ग्रामीण बोलीचा समर्पक वापर केला आहे. लेखकाचे नाव बदला, कादंबरीचे नाव बदला, हे वाक्य जागचे हलत नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते इतक्यांदा भेटते, की तोही सवयीने गुण देतो आणि पान उलटतो. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ‘आशय सांगा’ असा एक प्रश्न आणि ‘भाषाशैली सांगा’ असा दुसरा प्रश्न विचारल्यावर त्यांनी दोन उत्तरे लिहिली, इतकेच.

आता त्यात यंत्राची भर पडली आहे. फोनवर विचारले की गाजलेल्या कोणत्याही कादंबरीचा आशय चार ओळींत मिळतो. तो चुकीचा असता तर निदान पकडता आला असता, पण बरेचदा तो बरोबरच असतो. ‘गोतावळा’ या कादंबरीविषयी विचारा. शेतीच्या यांत्रिकीकरणामुळे ग्रामीण संस्कृतीचा ऱ्हास, असे काहीतरी उत्तर येईल. त्यात खोट काढायला जागा नाही. हेच वाक्य अग्रलेखात चालेल, कृषी खात्याच्या एखाद्या अहवालाच्या प्रस्तावनेतही चालेल. पुस्तक न उघडता लिहिता येणारे वाक्य त्या पुस्तकाविषयी काय सांगत असेल?

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ 1971 साली आली. नारबा नावाचा गडी मालकाच्या मळ्यावर राहतो. त्याला ना लग्न, ना घरदार. मळ्यावरची जनावरे हीच त्याची माणसे. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरे एकामागून एक मळ्यावरून नाहीशी होतात. कथा म्हणावी तर एवढीच. पण काम शीर्षकापासूनच सुरू झालेले आहे. गोतावळा हा माणसांचा शब्द. लग्नकार्यात, पंगतीत, भाऊबंदकीत वापरायचा. इथे तो गोठ्यातल्या जनावरांना लावलेला आहे, आणि तोही ‘सारखा’, ‘जणू’ असली कोणतीही सवलत न घेता. नारबाला बैल भावासारखा वाटत असता, तर ती उपमा झाली असती आणि आपण तिच्या नावीन्याचे कौतुक करून मोकळे झालो असतो. त्याच्या बोलण्यात ती उपमा नाही, नाते आहे.

त्याहून मोठी निवड निवेदनाची आहे. आधीच्या बऱ्याच ग्रामीण लेखनात संवाद बोलीत असत आणि निवेदन प्रमाण भाषेत. ही व्यवस्था वरवर निरुपद्रवी दिसते. पण तिचा अर्थ असा होतो, की भोगणारा बोलीत बोलणार आणि त्याच्या भोगण्याचा अर्थ लावणारा प्रमाण मराठीत. वाचक आपसूक त्या दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. यादवांनी सगळी कादंबरी नारबाच्याच तोंडून, कोल्हापूरकडच्या बोलीत सांगितली आणि अर्थ लावणाऱ्याला बाहेर काढले. याचा परिणाम काय झाला ते पाहा. ‘यांत्रिकीकरण’ हा शब्द आता या जगात शिरूच शकत नाही. ‘संस्कृती’ नाही, ‘ऱ्हास’ नाही. नारबाला दावणीची रिकामी जागा दिसते. आपल्यावर काय कोसळते आहे याचे नाव त्याला ठाऊक नाही. ज्यांना ते नाव ठाऊक आहे ते योजनेच्या, कर्जाच्या कागदांच्या जगातले लोक. आणि तिथे नारबाला कुणी बोलावलेले नाही. शब्दाची ही उणीव म्हणजेच कादंबरीचा आशय आहे, असे मला वाटते. म्हणजे उत्तरपत्रिकेत आपण ‘यांत्रिकीकरण’ लिहितो तेव्हा, लेखकाने नारबाच्या वाट्याला जे येऊ द्यायचे नाही म्हणून एवढा खटाटोप केला, तेच त्याच्या हातात ठेवतो. आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतो.

न वापरलेल्या शब्दांची ही बाजू आपल्याकडे फारच कमी पाहिली जाते. हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण जुने आहे, पण अजून पुरते. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी 1890 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. आगरकरांचा ‘सुधारक’ 1888 पासून निघत होता; बालविवाह, केशवपन, विधवांचे हाल यांवर तिथे कोरड्या, धारदार युक्तिवादाने लिहिले जात होते. दोघांचे शहर एक, काळ एक, प्रश्नही बराचसा एक. आगरकरांच्या गद्यात तर्क आहे, दाखला आहे, प्रतिपक्षाची कोंडी आहे. हरिभाऊंनी हे सगळे बाजूला ठेवले आणि कादंबरीच्या नायिकेला, यमूला, बोलायला लावले. माजघरातले बोलणे, थोडे फाटे फोडणारे, ‘काय सांगू’ अशा वळणाचे. ती रूढीवर आक्षेप घेत नाही, कारण रूढी नावाची वस्तू तिला आपल्यापासून वेगळी काढून दाखवता येत नाही. तिला दिसतात सासरची माणसे, त्यांचे आवाज, दारे. शीर्षकसुद्धा पुस्तकी नाही. कंटाळून अर्धवट सोडलेले घरगुती वाक्य आहे. हरिभाऊंनी यमूच्या तोंडी सुधारकी परिभाषा घातली असती, तर तिचे म्हणणे कदाचित अधिक पटले असते. पण मग ते आगरकरांचे म्हणणे झाले असते, आणि ते सांगायला आगरकर होतेच.

‘कोसला’विषयी लिहायचे तर दोन शब्दांपासून सुटका नाही. भालचंद्र नेमाड्यांची ही पहिली कादंबरी 1963 साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. तिच्यातले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ इतके गाजले, की पुढे कितीतरी नवख्या लेखकांच्या वाक्यांत ते पेरलेले दिसू लागले. त्यावर समीक्षेने ‘नायकाचा तुसडेपणा’, ‘परात्मभाव’ अशी लेबले लावली. लेबले खोटी नाहीत, पण हे दोन शब्द आले कुठून ते पाहिले, तर गोष्ट बरीच पुढे जाते. ‘उदाहरणार्थ’ हा वर्गातला शब्द आहे. नियम सांगून झाला की मास्तर फळ्याकडे वळून तो उच्चारतात. ‘वगैरे’ हा टिपणवहीतला. पुढचे लिहून घ्यायचा कंटाळा आला की मुले तो लिहून मोकळी होतात. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आला आणि पदरात फारसे काही न पडता परत गेला. शिक्षणाकडून मिळालेली जी काही मोजकी चीज त्याच्यापाशी उरली, तिच्यात हे दोन शब्द आहेत. ते तो आता आपल्याच आयुष्याला लावतो. आरंभीच आपले वय सांगताना तो त्याआधी ‘उदाहरणार्थ’ घालतो. त्याबरोबर त्याचे वय हा कुठल्याशा नियमाचा नमुना होऊन बसते; आणि नियम कोणता, ते कुणालाच माहीत नसते. वाचकाचा उल्लेख करताना तो ‘वगैरे’ जोडतो, आणि समोर ऐकायला कुणी आहे की नाही, असला तरी त्याने काही बिघडते का, अशी शंका उत्पन्न होते. व्याकरणाच्या शिक्षकाने दोन्ही जागी लाल रेघ मारली असती. कादंबरीचे म्हणणे त्या लाल रेघेतच आहे.

पुढे धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग येतो. ती देवीच्या आजाराने जाते. तिथे ही थट्टा टिकत नाही. वाक्ये फुटत जातात, तेच तेच पुन्हा येत राहते. इतका वेळ ज्या शब्दांच्या आधाराने सगळे अर्धवट सोडून देता येत होते ते इथे उपयोगी पडत नाहीत. ‘कोसला’ची भाषाशैली उपरोधिक आहे, एवढेच लिहून थांबणाऱ्याला हा फरक दिसणार नाही, कारण तो शैली नावाची एकच वस्तू शोधत होता. आणि ज्यांनी ‘वगैरे’ची नक्कल केली त्यांना तो दिसला नसावा, हे उघड आहे. त्यांच्या लेखनात सगळ्यालाच ‘वगैरे’ लागते, दुःखालासुद्धा.

इथून इशारा वाचकाकडून लेखकाकडे वळतो. शेतीवरच्या आणि शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या कादंबऱ्यांना मराठीत तोटा नाही. विषय जिव्हाळ्याचा, भूमिका योग्य, हेतू निर्मळ. पण पहिल्या दहा पानांत ‘बळीराजा’, ‘काळी आई’, ‘जगाचा पोशिंदा’ हे तिन्ही भेटले, की पुस्तक कुठल्या दिशेने चालले आहे ते कळते. हे भाषणातले शब्द आहेत. भाषणात ते शोभतात; कारण तिथे टाळी हवी असते. शेतात उभा असलेला माणूस त्या जमिनीला वावर म्हणतो, रान म्हणतो, आमची पट्टी, वरचा तुकडा, नदीकाठचे म्हणतो; वाटणीत गेलेले असेल तर भावाच्या नावाने ओळखतो. तो ‘काळी आई’ कधीच म्हणत नाही असे नाही, पण कधी म्हणतो हे ठाऊक असायला हवे. बाजार समितीत माल गेल्यावर अडत्या हातात देतो ती हिशेबपट्टी एखाद्या लेखकाने नीट वाचावी. वर मालाचे वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, भाडे, घेतलेली उचल, आणि सगळ्यात शेवटी हातात पडणारी रक्कम. कांद्याचा भाव पडलेला असेल, तर मालाची किंमत वाहतुकीच्या खर्चालाही पुरेलच असे नाही. त्या कागदावर एकही विशेषण नसते. ‘उचल’ हा शब्द कादंबरीत ठिकठिकाणी आला, गडी नेमताना, लग्न ठरताना, दवाखान्यात जाताना, तर कर्जबाजारीपणावर लेखकाला एक ओळही लिहावी लागणार नाही. उलट ‘कर्जाच्या गर्तेत रुतलेला बळीराजा’ असे त्याने लिहिले, तर शेतकऱ्याविषयी आपल्याला जे आधीच वाटत होते तेच पुन्हा वाटते आणि पुस्तक मिटते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 ची, या बाबतीत आजही धडा घालून देते. दुष्काळ येतो, धनगरांची वाडी रिकामी होते, तरुण मास्तर हे सगळे पाहतो, आणि निवेदनाचा आवाज एकदाही चढत नाही. दुष्काळाला विशेषणे लावण्याचा मोह लेखकाने टाळला, एवढेच म्हणून मी पुढे जातो; त्या कादंबरीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे.

नावांची गोष्ट मात्र थोडी सांगायला हवी. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये, 1939 साली, युद्ध नाही. युरोपातून निघालेले एक जहाज आहे, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू आहेत, आणि हेर्टा नावाच्या मुलीची व एका मराठी तरुणाची काही दिवसांची ओळख आहे. त्या तरुणाचे आडनाव विध्वंस. हे आडनाव मराठीत खरेच आहे, कुणाच्याही दारावरच्या पाटीवर सापडेल, म्हणून ते वाचताना बोचत नाही. तोफ कुठेही न वाजता पुस्तकाचे नाव रणांगण का, हा प्रश्न पडलेल्या वाचकाला मात्र ते केव्हातरी अडवतेच.

पण इथेच दुसऱ्या बाजूचीही सूचना द्यायला हवी, कारण शब्दांकडे लक्ष द्या म्हटले की चर्चासत्रांतून भलतेच पीक येते. विहीर दिसली की अबोध मन, बैल दिसला की पौरुष, पिंपळ दिसला की परंपरा. प्रत्येक शब्द म्हणजे कुलूप आणि समीक्षकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, असा हा कारभार असतो. हेही शब्द वगळून वाचणेच झाले. कारण विहिरीच्या जागी ‘अबोध मन’ आले की विहीर गेली. तिच्यात पाणी किती आहे, मोट कुणाची, पाळी कुणाची, यावरून कादंबरीत खून पडत असेल, तरी या वाचकाला त्याचे सोयरसुतक नसते. लेखकाने निवडलेला शब्द पाहायचा म्हणजे त्या जागी दुसरे काय आले असते आणि ते का आले नाही, एवढे पाहायचे. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर साधे निघते: त्या माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही, म्हणून.

आशय आणि शब्द वेगळे काढण्याची सवय केवळ वर्गापुरती राहिली असती, तर मी एवढा घोर लावून घेतला नसता. ती बाहेर पडली की तिचे दात दिसतात. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ 1965 साली आली. मुंबईच्या नाक्यावर उभी राहणारी पोरे, त्यातला पोक्या निवेदक, आणि त्याच्या तोंडी त्या नाक्यावरची भाषा. आचार्य अत्र्यांसारख्या बलदंड माणसाने तिच्यावर अश्लीलतेचा हल्ला चढवला. अत्रे भाषेचे जाणकार होते, विनोदाचे सम्राट होते, ग्राम्य शब्दांची त्यांना शिसारी होती असेही कुणी म्हणणार नाही. तरीही तिथे शब्द तोडून बाहेर काढले गेले आणि त्यांच्यावर खटला चालला. पोक्याने सभ्य मराठीत गोष्ट सांगितली असती, तर त्या पोरांचे रिकामेपण, बाईकडे पाहण्याची त्यांची हिंसक नजर, यातले काही म्हणता काही उरले नसते. तीच पोरे गोंडस झाली असती. आज एखाद्या पुस्तकावर गहजब होतो तेव्हा बरेचदा फिरत असतो तो एक शब्द किंवा एका ओळीतला आशय. संपूर्ण पान कुणी पाहिलेले नसते. आशय चार ओळींत सांगता येतो, हे आपणच शिकवले आहे. मग चार ओळींवर दुखावून घेणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

या सगळ्याहून शांतपणे होणारी झीज वेगळीच आहे, आणि मला तीच अधिक चिंतेची वाटते. बोलीत लिहिणाऱ्या नव्या लेखकाला ‘सर्वांना कळेल असे करा’ हा सल्ला मिळतो. सल्ला देणारा दुष्ट नसतो. त्याला पुस्तक खपावे, वाचले जावे असेच वाटत असते. एका पानावर तीन शब्द बदलतात. आता फोनचा कळफलकही या कामी हात लावतो; बोलीतले रूप लिहिले की त्याला ते चूक वाटते आणि तो प्रमाण रूप पुढे करतो. मजकूर ‘सुधारून’ देणारी यंत्रे आली आहेत. ती व्याकरण सुधारताना स्वरही सपाट करतात. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधल्या माणसांचे वऱ्हाडी बोलणे, किंवा रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’मध्ये मराठवाड्याच्या बोलीत एका बाईने सांगितलेली सगळी कहाणी, आज पहिल्यांदा अशा यंत्रातून गेली असती तर काय बाहेर आले असते याची कल्पना करून पाहावी. कथानक धक्का न लागता बाहेर आले असते. आशयसूत्रही. कठीण शब्दांचे अर्थ मागे द्यायला कुणाची ना नाही, ते द्यावेत. पण अर्थ देणे वेगळे आणि शब्द उचलून त्या जागी अर्थ बसवणे वेगळे. ही सीमा संपादकाने ओलांडली तर निदान लेखक भांडू शकतो. कळफलकाने ओलांडली तर लेखकाला पुष्कळदा कळतही नाही.

यावर वर्गात करता येण्यासारखे एक काम आहे आणि काही शिक्षक ते करतातही. कादंबरीचे एकच पान द्यायचे, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ ओढायची, आणि विचारायचे की इथे अमुक शब्द का नाही. नारबा ‘गोतावळा’ म्हणतो; ‘पशुधन’ का म्हणत नाही? मुले आधी हसतात, मग भांडतात. आजोळची, मामाकडची बोली बाहेर येते. कुणी सांगते की आमच्याकडे याचा अर्थ वेगळा आहे. पाऊण तासात दोन परिच्छेद होतात आणि वेळापत्रक कोलमडते. परीक्षेत असा प्रश्न घालायचा, तर त्याची आदर्श उत्तरपत्रिका तयार करता येत नाही. तपासणाऱ्याला प्रत्येक उत्तर पूर्ण वाचावे लागेल. म्हणून तो प्रश्न अजून परीक्षेत येत नाही.